पर्लाइटचा पीएच बरोबर होता, तरी बॅचची जेली झाली: नंदेसरीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वडोदऱ्याबाहेर नंदेसरी जीआयडीसीत (गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत) एक मध्यम आकाराचं युनिट आहे, डाय इंटरमीडिएट (रंग बनवायला लागणारा माल) आणि दोनतीन स्पेशालिटी केमिकल बनवतात. कंपनीचं नाव, प्रॉडक्टचं नाव, माणसांची नावं सगळी बाजूला ठेवतोय, प्रोसेसही ओळखू येणार नाही एवढीच सांगतो. मला बाहेरचा माणूस म्हणून बोलावलं होतं, फिल्ट्रेशनचं बघायला.

प्रोसेस साधी. रिअॅक्शन कॉस्टिकमध्ये (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, कडक अल्कली) होते, शेवटी लिकर, म्हणजे माल विरघळलेलं द्रावण, पीएच 13 च्या आसपास आणि 80-85 डिग्रीला असतं. त्यात कार्बन टाकून रंग काढायचा, मग ते गरमच प्रेशर लीफ फिल्टरमधून गाळायचं. फिल्टरच्या पानांवर, म्हणजे आतल्या उभ्या जाळ्यांवर, आधी पर्लाइटच्या पावडरीचा थर, त्याला प्रीकोट म्हणतात. गाळलेलं लिकर थंड करून जीएलआरमध्ये (आतून काच लावलेल्या रिअॅक्टरमध्ये) सल्फ्युरिकनं पीएच 7 ला आणायचं, एका बारीक बॅग फिल्टरमधून काढायचं आणि स्प्रे ड्रायरला द्यायचं. माल पाण्यात विरघळणारं सोडियम सॉल्ट आहे, त्यामुळे स्पेसिफिकेशनमध्ये 'पाण्यात न विरघळणारा भाग' ही लाइन सगळ्यात महत्त्वाची, कस्टमर तेच आधी बघतो.

पर्लाइट ज्यांनी नुसतं गोणीत बघितलंय त्यांच्यासाठी थोडं. ही ज्वालामुखीची काच, खडकाच्या आत 2 ते 5 टक्के पाणी अडकलेलं, साधारण 850-900 डिग्रीला झटक्यात तापवलं की काच मऊ होते, पाण्याची वाफ होते आणि दाणा लाह्यांसारखा फुलतो, मूळ आकाराच्या चारपासून वीस पटीपर्यंत. तुर्कस्तान, ग्रीसकडे याचा खडक भरपूर निघतो. फुललेलं पर्लाइट अतिथंड यंत्रांच्या कोल्ड बॉक्सच्या भिंतीत इन्सुलेशन म्हणून भरतात, प्लास्टरमध्ये घालतात, कुंड्यांत टाकतात, आणि दळून बारीक केलं की फिल्टर एड, म्हणजे गाळायला मदत करणारी पावडर. केमिकली बघितलं तर 70-75 टक्के सिलिका, 12-15 टक्के अॅल्युमिना, बाकी सोडियम, पोटॅशियम, थोडं लोखंड, कॅल्शियम. क्रिस्टल नाही, काचच.

अडचण

न्यूट्रलायझेशनमध्ये बॅच गढूळ व्हायला लागली. आधी कधीतरी एखादी, मग जवळजवळ प्रत्येक. पीएच 9 च्या खाली आला की लिकरला दुधाळ झाक यायची आणि थोड्या वेळानं बॅग फिल्टर चोक. बॅग उघडली की आत पांढरट, बुळबुळीत थर. हातमोजा घालून बोटात चोळला तर रवाळ काही लागत नव्हतं, साबणाच्या लगद्यासारखं सरकायचं, आणि तेच वॉच ग्लासवर वाळवलं की पातळ पापुद्रे होऊन कडा वर वळायच्या. शिफ्टचे काका म्हणाले, "साहेब, आ तो जेली थई गई." निदान तिथेच अर्धं झालं होतं खरं तर, पण ऐकायच्या मूडमध्ये कोणी नव्हतं.

दुसरं लक्षण छोटं होतं. सकाळच्या शिफ्टला फिल्टरच्या साइट ग्लासमध्ये (आतलं लिकर बघायच्या काचेत) काळे कण दिसायचे, म्हणजे कार्बन पलीकडे जातोय. मेंटेनन्सनं पानांची जाळी बदलली, गॅस्केट बदललं, दोन दिवस बरं वाटलं आणि परत तेच. या दोन लक्षणांचा एकमेकांशी संबंध असेल असं कोणाला वाटलंच नाही, कारण एक मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये होतं आणि दुसरं क्यूसीच्या, म्हणजे माल तपासणाऱ्या लॅबच्या.

त्यात कस्टमरची तक्रार आली की तुमचा माल विरघळवला की सोल्युशन धुरकट दिसतं आणि आमचं फिल्टर बसतं. मग मात्र पळापळ.

पीएचवरून झालेली भांडणं

नेमकं त्याच महिन्यात परचेसनं पर्लाइटचा सप्लायर बदलला होता, किलोमागे थोडे पैसे वाचत होते म्हणून. झालं, आरोपी सापडला. प्रॉडक्शनवाले साहेब म्हणाले नवीन पर्लाइट अॅसिडिक आहे किंवा अल्कलाइन आहे, काहीतरी आहे, परत पाठवा. परचेसनं सप्लायरचं टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) पुढे केलं, त्यावर पीएच 7.2. चांगल्या पर्लाइटच्या स्लरीचा, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पावडरीचा, पीएच साडेसहा ते आठमध्ये बसतो, म्हणजे कागद बरोबर. मग क्यूसीतल्या ताईंना सांगितलं की तुम्हीच बघा. त्यांनी नवीन गोणीतलं पर्लाइट पाण्यात ढवळून मीटर लावला आणि जुन्या गोणीच्या नोंदीशी ताडून बघितलं, जुनं 7.1, नवीन 7.9. प्रॉडक्शनवाले म्हणाले बघा, आम्ही सांगत होतो!

मी ताईंना विचारलं पाणी कुठलं घेतलं, तर जुन्या गोणीचं टेस्टिंग आधी कधीतरी डिस्टिल्ड पाण्यात झालेलं होतं आणि नवीनचं घाईत नळाच्या म्हणजे बोअरच्या पाण्यात. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं, बायकार्बोनेटनं भरलेलं, त्याचा स्वतःचाच पीएच आठच्या आसपास. पर्लाइट पाण्यात इतकं कमी सुटतं की त्याची बफरिंगची (पीएच धरून ठेवायची) ताकद जवळजवळ नाहीच, म्हणून स्लरीचा पीएच हा बराचसा पाण्याचाच पीएच असतो, डिस्टिल्ड पाणी घेतलं तरी ते उघडं राहून हवेतला सीओटू किती ओढला त्यावरही आकडा हलतो. दोन्ही गोणी एकाच उकळून थंड केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात घेतल्या तेव्हा फरक मीटरच्या चुकीएवढाच राहिला.

पण यापेक्षा मोठी गोष्ट ही की तो आकडा काहीही आला असता तरी आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. पर्लाइटचा पीएच न्यूट्रल आहे म्हणजे ते तुमच्या लिकरला बिघडवणार नाही एवढंच कळतं. तुमचं लिकर पर्लाइटला काय करेल हे त्यातून कळत नाही. इथे लिकर पीएच 13 चं आणि तापलेलं, त्यात आठ किलो पर्लाइट, त्याच्या स्वतःच्या पीएचनं तिथे कोणाला ढिम्म फरक पडणार होता?

अॅसिडला टिकतं, अल्कलीला नाही

इथे जरा थांबतो कारण बहुतेक लोकांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. अॅसिड म्हणजे खाणारं, कॉस्टिक म्हणजे धुणारं, असं काहीतरी.

काचेवर अॅसिड आलं की अॅसिडमधला हायड्रोजन आयन काचेतल्या सोडियम-पोटॅशियमची जागा घेतो, पृष्ठभागावरचं थोडं लोखंड, अॅल्युमिनियम सुटतं, पण सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी उभी राहते आणि तोच थर आतल्या काचेला सांभाळतो. अल्कलीमध्ये हायड्रॉक्सिल आयन थेट त्या जाळीची गाठच सोडतो, सिलिका सिलिकेट होऊन पाण्यात जाते, रोज नवीन पृष्ठभाग उघडा पडतो. पर्लाइट उत्पादकांचे तक्तेही हेच सांगतात: पाण्यात आणि सौम्य अॅसिडमध्ये 1 टक्क्याहून कमी विरघळतं, 1 नॉर्मल मिनरल अॅसिडमध्ये 3 टक्क्यांहून कमी, 1 नॉर्मल कॉस्टिकमध्ये 10 टक्क्यांपर्यंत, आणि गरम कडक अल्कली किंवा हायड्रोफ्लुओरिक अॅसिड असेल तर पूर्णच विरघळतं. हायड्रोफ्लुओरिक (एचएफ) हा अॅसिडमधला मोठा अपवाद, आणि नुसतं एचएफच नाही, अॅसिडिक लिकरमध्ये फ्लुओराइड असलं तरी तेच होतं.

गंमत अशी की हे त्या प्लांटमधल्या प्रत्येक ऑपरेटरला माहीत होतं, फक्त दुसऱ्या वस्तूबद्दल. जीएलआरमध्ये गरम कॉस्टिक घ्यायचं नाही, आतली काच जाते, हे तिथे नवीन पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. म्हणूनच तर गरम कॉस्टिकची रिअॅक्शन एसएसमध्ये (स्टेनलेस स्टीलमध्ये) आणि न्यूट्रलायझेशन जीएलआरमध्ये. आता पर्लाइटही काचच, आणि जीएलआरची काच निदान सपाट आणि जाड असते, हे म्हणजे फुगवून, दळून केलेले पातळ वक्र तुकडे, किलोला पृष्ठभाग कितीतरी पट जास्त. जीएलआरच्या काचेला जे काही वर्षांत होईल ते याला एका रात्रीत व्हायला हरकत काय?

पहिला निर्णय: लॉट परत पाठवायचा की थांबायचं

परचेसवर दबाव होता की उरलेल्या गोण्या आजच परत. मी म्हटलं दोन दिवस थांबा, आधी बॅच कार्ड काढा. कार्डांवर एक गोष्ट पटकन दिसली. नवीन ऑर्डर आल्यापासून स्प्रे ड्रायर पुरत नव्हता, त्यामुळे संध्याकाळी गाळायला घेतलेलं लिकर पुढे जायला जागाच नसायची. लीफ फिल्टर बंद केला तर प्रेशर जातं आणि उभ्या पानांवरचा केक घसरून खाली पडतो, म्हणून शिफ्टवाले हुशारीनं लिकर रात्रभर फिल्टरमधून फिरवत ठेवायचे, गरमच, कारण गार झालं की सॉल्ट बसतं. म्हणजे आधी जो संबंध तासा-दीड तासाचा होता तो दहा-बारा तासांचा झाला. आणि पहिली गढूळ बॅच नवीन पर्लाइटची पहिली गोणी फुटायच्या आधीची निघाली. फक्त एकच होती, म्हणून कोणाच्या लक्षात राहिली नव्हती.

काळ्या कणांचा उलगडाही इथेच होतो. रात्रभर प्रीकोट आतून झिजत राहिला तर तो पातळ पडणार, त्याला भोकं पडणार आणि कार्बन निघून जाणार. फिल्टर सकाळी उघडायला लावला तेव्हा पानांच्या खालच्या कडेला जाळी चक्क दिसत होती, वर केक आणि खाली उघडी जाळी.

टेस्ट

टेस्ट अगदी घरगुती होती. त्याच दिवसाचं प्लांटचं लिकर, कार्बननं साफ केलेलं, तीन भाग. एकात जुनं पर्लाइट, एकात नवीन, एकात काहीच नाही. 85 डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये ठेवून एका तासानं नमुना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना. सिलिका बघायची अमोनियम मॉलिब्डेटनं, आधी अॅसिडिक करून, पिवळा रंग येतो तो कलरीमीटरवर.

पहिल्या वेळी ज्यात काहीच नव्हतं त्या नमुन्यातही पिवळा रंग आला. सगळे गोंधळले, तेवढ्यात ताईंच्याच लक्षात आलं की लिकर बोरोसिलच्या काचेच्या फ्लास्कमध्ये ठेवलंय, गरम कॉस्टिकनं फ्लास्कच थोडा खाल्ला! मग पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या आणल्या. कोणी ही टेस्ट करणार असेल तर एवढं लक्षात ठेवा, काचेच्या भांड्यात काचेची टेस्ट होत नाही. आणि लिकरला स्वतःचा रंग असतो तो ब्लँक म्हणून वजा करायचा, फॉस्फेट असेल तर तेही मॉलिब्डेटशी पिवळं होतं, इथे नव्हतं.

प्लास्टिकमधल्या नमुन्यांत चित्र स्वच्छ होतं. पर्लाइट नसलेला नमुना रात्रभरानंतरही तसाच. तासाभरानं दोन्ही पर्लाइटमध्ये हलका पिवळा. सकाळी दोन्हीही इतके गडद की पातळ केल्याशिवाय मीटर वाचेना, आणि जुन्या-नवीनमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. सप्लायर सुटला.

हिशोब कागदावर मांडला तेव्हा साहेबांना पटलं. फिल्टर आठ चौरस मीटरचा, चौरस मीटरला किलोभर प्रीकोट म्हणजे आठ किलो. त्यातलं 10 टक्के जरी गेलं तरी 800 ग्रॅम, ते 2000 लिटर लिकरमध्ये म्हणजे लिटरला 400 मिलिग्रॅम, त्यात सिलिका पाऊणच्या आसपास धरली तर 290-300 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). आता अमॉर्फस (क्रिस्टल नसलेली) सिलिका न्यूट्रल थंड पाण्यात राहते साधारण 100 ते 140 पीपीएम. पीएच साडेनऊच्या वर ती भरपूर राहू शकते, म्हणून फिल्टरनंतर लिकर काचेसारखं स्वच्छ दिसायचं आणि सगळे निर्धास्त, पण पीएच खाली आणला की जास्तीची सिलिका जाणार कुठे, जेली होऊन बाहेर. सोबत सुटलेलं अॅल्युमिनियमही न्यूट्रलला हायड्रॉक्साइड होऊन त्यातच मिसळतं, ते तर आणखी बुळबुळीत.

कुठले पर्याय होते

सप्लायरनं सुचवलं की आमचा अॅसिड-वॉश्ड ग्रेड घ्या. माणूस प्रामाणिक होता पण औषध दुसऱ्या रोगाचं होतं. अॅसिड वॉशनं पृष्ठभागावरचं सुटं लोखंड वगैरे निघतं, खाण्यापिण्याच्या किंवा फार्माच्या लिकरला त्याचा उपयोग, आतली काच तीच राहते आणि कॉस्टिकसमोर तशीच विरघळते.

प्लांट हेडना हायफ्लो हवं होतं, म्हणजे डायटोमाइट, सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांची माती. तेही सिलिकाच, आणि पर्लाइटपेक्षाही जास्त टक्के सिलिका, गरम कॉस्टिकमध्ये त्याचीही तीच कथा. वर कॅल्साइन केलेल्या ग्रेडमध्ये क्रिस्टलाइन सिलिका असते, तिची धूळ छातीला वाईट, गोणी ओतणाऱ्याला मास्कशिवाय उभं करता येणार नाही. (मास्क पर्लाइटलाही लावाच, नुसती त्रासदायक धूळ म्हटली तरी ती फुफ्फुसात घ्यायची वस्तू नाही.)

सेल्युलोजचं फिल्टर एड हा खरा पर्याय होता. सिलिका नाही, राख जवळजवळ नाही, कॉस्टिकला पर्लाइटपेक्षा खूप बरं टिकतं. पण महाग, प्रेशरला दबतं, आणि बारीक कार्बन अडवायला एकटं जरा कमी पडतं.

गाळायच्या आधीच पीएच नऊपर्यंत खाली आणायचा, हा मला सगळ्यात आवडलेला उपाय. अडचण एवढीच की पीएच उतरवला की सॉल्टची विद्राव्यता कमी होते का, आणि कार्बन त्या पीएचला तेवढाच रंग ओढतो का, हे बघावं लागणार होतं, आणि अॅसिड घालायची सोय जीएलआरवर होती, एसएस रिअॅक्टरवर नाही.

आणि काहीच न बदलता फक्त वेळ कापणं. रात्रीचं सर्क्युलेशन बंद. तापमान थोडं कमी, कारण ढोबळ हिशोबानं दर 10 डिग्रीला काचेवरचा अल्कलीचा हल्ला दुपटीकडे जातो.

काय केलं

दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं फिरवणं बंद. जेवढं ड्रायरला दीड तासात देता येईल तेवढंच गाळायला घ्यायचं, उरलेलं रिअॅक्टरमध्ये कार्बनसकट थांबेल, कार्बनचं काही बिघडत नाही. प्रीकोट आधी लिकरमध्येच ढवळून द्यायचे, म्हणजे पर्लाइट फिल्टरवर चढायच्या आधीच गरम कॉस्टिकमध्ये भिजत पडलेलं, ते साध्या पाण्यात करायला लावलं. बॅच संपली की लगेच फ्लश आणि केक बाहेर.

एवढ्यानंच जेली जवळजवळ गेली, प्रॉडक्शनवाले म्हणाले आता पुरे. इथे आमचं जरा वाजलं. माझं म्हणणं होतं की हा उपाय शिफ्टच्या शिस्तीवर टेकलाय, ज्या रात्री ड्रायरचं नोझल बसेल त्या रात्री परत तेच होणार, त्यांचं म्हणणं की अॅसिडची लाइन एसएस रिअॅक्टरवर नेली आणि कोणी जास्त अॅसिड सोडलं तर रिअॅक्टर खाईल. दोघांचंही खरं होतं. शेवटी लॅबमध्ये ट्रायल घेऊन असं ठरलं की पीएच उतरवायची भानगड नको, त्याऐवजी जाळीवर आधी सेल्युलोजचा पातळ थर आणि त्यावर पर्लाइट नेहमीच्या निम्मं. पर्लाइट कार्बन अडवतं, ते थोडं झिजलं तरी खाली सेल्युलोज जाळी झाकून ठेवतं, आणि विरघळायला काचच निम्मी. खर्च वाढला, पण रिवर्क आणि चोक झालेल्या बॅगांचा खर्च धरला तर परचेसनंही फार कुरकुर केली नाही.

निष्पन्न

साइट ग्लासमधले काळे कण थांबले. न्यूट्रलायझेशनला दुधाळपणा येत नाही. मॉलिब्डेट टेस्ट आता गाळलेल्या प्रत्येक बॅचवर होते, दहा मिनिटांचं काम, रंग ठरलेल्या शेडपेक्षा गडद आला तर लिकर पुढे जात नाही. मधे एकदा ड्रायर खरंच बसला तेव्हा या टेस्टनंच ती बॅच अडवली, सेल्युलोजचा थर असूनही. म्हणजे वेळेची मर्यादा पाळावीच लागते, थरानं फक्त थोडी सवलत मिळते. कस्टमरनं पुढचे लॉट घेतले, धुरकटपणाची तक्रार परत आली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्क्युलेशन सुरू करायचा निर्णय रात्रीच्या शिफ्टनं घेतला, चांगल्या हेतूनं घेतला आणि तो कुठेच लिहिला गेला नाही. ड्रायर कमी पडतोय हे प्लॅनिंगला माहीत होतं, पण त्यामुळे फिल्टरवर लिकर किती तास राहील हे कोणी विचारलं नाही. सप्लायर बदलताना चेंज कंट्रोलचा (बदल नोंदवून मंजूर करायचा) फॉर्म भरला होता, सह्या होत्या, वेळ बदलताना फॉर्म नव्हता, कारण वेळ हा बदल आहे असं फॉर्मवर लिहिलेलंच नव्हतं. आता बॅच कार्डवर 'फिल्टरवर गरम लिकर किती वेळ' असा रकाना आलाय.

परचेसच्या स्पेसिफिकेशनमध्येही पीएच, परमिएबिलिटी (थरातून द्रव किती सहज जातं ते), ओलावा, तरंगणारे कण एवढंच होतं. मी सुचवलं की नवीन सप्लायर घेताना त्याचं पर्लाइट आपल्याच लिकरमध्ये, आपल्याच तापमानाला, प्लास्टिकच्या बाटलीत ठेवून बघा, टीसीवर ही माहिती कधीच येणार नाही कारण सप्लायरला तुमचं लिकर माहीत नसतं. आणि मेंटेनन्सचं रजिस्टर महिन्यातून एकदा क्यूसीनं वाचावं. यातलं पहिलं लगेच सुरू झालं, दुसरं अजून चर्चेत आहे.

राहता राहिल्या त्या परत पाठवायच्या गोण्या. त्याच प्लांटमध्ये दुसरं एक प्रॉडक्ट आहे, ते हायड्रोक्लोरिकमध्ये पीएच 2 ला गाळतात, फ्लुओराइड वगैरे काही नाही. शंका होती म्हणून तिथलं फिल्ट्रेटही बाहेरच्या लॅबकडून तपासून घेतलं, सिलिका आणि अॅल्युमिनियम नगण्य, लोखंड किंचित पण लिमिटच्या बरंच आत. बदनाम झालेला सगळा लॉट तिथेच वापरून संपला आणि सप्लायरला पूर्ण पैसे मिळाले.